कोणी केलं हे?

पेण आणि रोहा ही मुद्दाम जाण्याची गावं नव्हेत, जाता जाता लागणारी गावं. मुंबईचा माणूस अलिबागला जातो, काशीद-मुरूडला जातो. वाटेत वडखळ नाक्यावर गाडी थांबवून वडापाव खातो, पेणला पोह्याच्या पापडांची पाकिटं घेतो आणि पुढे सुटतो. रेल्वेने जाणाऱ्याला रोहा माहीत असतं ते एवढ्यासाठीच, की तिथे मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. माझं बालपण पेणमध्ये गेलं, पण सुट्टी लागली की आम्हीसुद्धा दुसरीकडेच जायचो. आपल्या गावी सहलीला जायचं असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

या नाताळच्या सुट्टीत दादा-वहिनी पुण्याहून लेकीला घेऊन आले. भाची तिसरीत आहे. तिच्या वर्गातली कुणी बालीला, कुणी फुकेतला, कुणी अंदमानला गेलेली. हिलाही ‘ट्रॉपिकल’ ठिकाणी जायचं होतं. हा शब्द तिने शाळेतून अर्थासकट उचलला होता: नारळ, निळं पाणी आणि हॉटेल. मी तिचं नकाशाचं पुस्तक उघडून कर्कवृत्त दाखवलं. ते गुजरात, मध्य प्रदेशातून जातं. म्हणजे त्याच्या खालचा आपला अख्खा महाराष्ट्र उष्ण कटिबंधातच. मग रोह्यावर तिचं बोट ठेवलं आणि सरळ पश्चिमेकडे सरकवत नेलं. अरबस्तान गेलं, आफ्रिका गेली, अटलांटिक महासागर ओलांडला आणि बोट जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर टेकलं.

“आत्या, म्हणजे रोहा आणि जमैका एकाच ओळीत?”

एकाच ओळीत. जमैकाला जायचं तर विमानं बदलावी लागतात, रोह्याला दिव्याहून सरळ गाडी आहे. मुलीला हे पटलं. दादाला तर फारच पटलं, कारण त्याच्या डोळ्यांपुढे विमानाची तिकिटं होती.

या मुलीची एक खोड आहे. काहीही दिसलं की विचारते, “हे कोणी केलं?” पूल दिसला, कोणी केला? डोंगर दिसला, कोणी केला? वहिनीने कंटाळून एक ठोक उत्तर ठरवून टाकलंय: “देवाने.” पुण्यात ते उत्तर बऱ्यापैकी चालतं. पेणमध्ये मात्र त्याची पंचाईत होते, कारण पेणमध्ये देव माणसं करतात.

पण गणपतीच्या कारखान्यांत नेण्याआधी मी तिला खारेपाटात नेलं. पेणच्या पश्चिमेला सह्याद्रीचं बोट सुटतं आणि जमीन एकदम सपाट होते. अंबा नदी धरमतरच्या खाडीत शिरते, तिच्या फाट्यांना उपफाटे फुटतात. पाणी कुठे संपतं आणि शेत कुठे सुरू होतं ते नवख्याला कळत नाही. ते सांगतो बांध. मातीचा, गवत माजलेला, पुरुषभर उंचीचा बांध, वाकडातिकडा मैलोन्‌मैल गेलेला. त्याच्या एका अंगाला खाजण, तिवरांची झुडपं, काळा चिखल. दुसऱ्या अंगाला भाताची कापून झालेली शेतं, पेंढ्याच्या उडव्या, मधूनच एखादं तळं. बांधावर उभं राहिलं की भरतीच्या वेळी एक गोष्ट लक्षात येते आणि अंगावर काटा येतो: खाडीचं पाणी शेताहून वर असतं. उधाणाच्या दिवशी तर चांगलं वर असतं. मधला बांध नसता तर ही सगळी गावं दिवसातून दोनदा समुद्रात बुडाली असती.

बांधाला जागोजागी उघाडी असते. पावसाळ्यात शेतात साठलेलं गोडं पाणी बाहेर जायला हवं आणि खाडीचं खारं पाणी आत यायला नको, या दोन उलट्या गरजा ती एकाच झडपेने भागवते. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून बाहेर पडतं. भरती आली की बाहेरचं पाणीच तिला दाबून बंद करतं. मोटर नाही, माणूस नाही. मुलगी उघाडीच्या तोंडाशी पालथी पडून बराच वेळ बघत होती. वहिनी फ्रॉकची काळजी करत होती.

“कोणी केलं हे?”

याचं उत्तर मला अर्धंच देता आलं. आंग्र्यांच्या आणि पेशव्यांच्या काळापासून इथे खाजणं बांधून जमीन काढणारे लोक होते. जो स्वतःच्या खर्चाने समुद्राला बांध घालून जमीन कसण्याजोगी करून देई आणि पुढे तो बांध राखी, त्याला शिलोत्रीदार म्हणत. पिकवणाऱ्याकडून त्याला बिघ्यामागे धान्य मिळे. पेण भागातल्या या शिलोत्री जमिनींची पद्धत इंग्रजांनी आपल्या गॅझेटियरात नोंदवून ठेवली आहे. पण बांध घालणारा शिलोत्रीदार आणि बांधावर टोपल्या वाहणारे हात वेगळे. डोक्यावरून चिखल नेणाऱ्या त्या आगरी बायामाणसांची नावं कुठे नाहीत. गोव्यात अशा जमिनीला खाजनच म्हणतात. केरळात कुट्टनाडमध्ये तर समुद्रसपाटीच्या खाली भात पिकतो. हॉलंडने समुद्र मागे रेटला ही कथा आपण शाळेत कौतुकाने वाचतो. पेणच्या शाळेतही वाचली. खिडकीतून दिसणाऱ्या बांधाकडे बोट दाखवून मास्तर कधी बोलल्याचं आठवत नाही.

१९४८ साली मुंबई सरकारने खारजमिनींचा कायदा केला आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे गेली. आधी गाव मिळून बांधावर जायचं. आता गाव अर्ज करतं. उधाणात बांधाला खांड पडली, खारं पाणी आत पसरलं, की पुढचे काही पावसाळे त्या शेतात भात होत नाही. खांड वेळेवर बुजली नाही तर तिथे तिवर उगवतं आणि मग नवाच पेच पडतो: कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे शेतकऱ्याला स्वतःचीच जमीन परत काढता येत नाही. तिवर हवं, शेतही हवं. शहरात बसून यातल्या एकाची बाजू घेणं सोपं आहे. याच पट्ट्यात २००८ च्या सप्टेंबरात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांचं मत घेतलं गेलं होतं, विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यायची की नाही यावर. जमिनी राहिल्या. म्हणून आम्हाला बांधावरून चालता आलं.

मुलीला अर्थात यातलं काही नको होतं. तिला निवटी सापडली होती. ओहोटीच्या चिखलावर बोटाएवढे मासे चालत होते. पोहत नव्हते, चालत होते. पुढच्या दोन परांवर अंग रेटत, डोक्याच्या टोकावरचे फुगीर डोळे फिरवत. ओल्या कातडीतून त्यांना हवा घेता येते, म्हणून पाणी ओसरलं तरी त्यांचं अडत नाही. बाजूलाच तांबडे खेकडे होते, नराचा एक आकडा अंगाएवढा मोठा आणि दुसरा नावापुरता. मोठा आकडा वर-खाली हलवून ते कुणाला तरी बोलावत होते. चिखलात गुडघाभर उतरलेली एक मावशी बिळांत कोपरापर्यंत हात घालून निवटी काढत होती. तिने पोरीकडे पाहून हाक मारली, “इकरं ये गो बाय.” पोर बूट काढून गेलीसुद्धा. तिच्या तळहातावर मावशीने एक निवटी ठेवली. ती उडी मारून परत चिखलात.

“हे बीळ कोणी केलं?”

“त्यांनीच. आनि कोन करील?”

दिवसभरात मिळालेलं सगळ्यांत चोख उत्तर तेच.

खारेपाटातली तळी जिताड्याची. पावसाळ्यात खाडीतून आलेली पिल्लं तळ्यात सोडायची आणि वाढवायची, ही इथली जुनी रीत. जिताडा घरच्या जेवणासाठी कमी आणि पाहुण्यासाठी जास्त असतो. जावयाला, नाहीतर साहेबाला. सरकारी कचेरीतलं किती काम या माशाने पुढे सरकवलं याचा हिशोब कुठल्या गॅझेटियरात सापडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी हमरापूर. पेणच्या उत्तरेला हमरापूर आणि जोहे ही दोन गावं म्हणजे घराघरांत गणपतीचे कारखाने. कारखाना हा शब्द ऐकून भाचीच्या डोळ्यांपुढे चिमणी आली असावी. प्रत्यक्षात अंगणाला घातलेला मांडव, प्लास्टिकचं छत, बांबूच्या फळ्या आणि त्यांवर ओळीने गणपती. बोटाच्या पेराएवढ्यापासून दाराच्या चौकटीत न मावणाऱ्यापर्यंत. रंग नसलेले, सोंडेवरचं बोट अजून ओलं असलेले. साच्यात माती दाबायची, दोन अर्धे जोडायचे, सांधा बोटाने पुसायचा, हात-कान-सोंड नीट करायची, वाळवायचं, घासायचं, मग रंग. घासण्याची आणि रंगाची कामं बऱ्याच ठिकाणी बायका करतात. गप्पा चालू, टीव्ही चालू, हात चालू. डोळ्यांची आखणी मात्र प्रत्येकाच्या हाती देत नाहीत. एका कारखान्यात एक म्हातारे गृहस्थ फक्त तेवढंच करत होते. श्वास रोखून एक रेघ, मग कुंचला पाण्यात, मग दुसरी रेघ. देव बघायला लागतो तो त्या दोन रेघांनी. त्यांच्या शेजारी आमची मुलगी चवड्यांवर बसली. तिचा नेहमीचा प्रश्न इथे उलटा झाला.

“आजोबा, हा तुम्ही केला?”

“मी डोळे केले. बाकी यांनी.”

वहिनी माझ्याकडे बघून हसली. ठोक उत्तराचे दिवस संपले होते.

या मूर्ती परदेशीही जातात. जहाजाने जायच्या म्हणून त्यांची घाई सर्वांत आधी, गणेशोत्सव कितीतरी महिने लांब असतानाच. शाडूची माती इथली नव्हे, ती गुजरातेतून येते. म्हणजे पेणच्या गणपतीत पेणचं काय? हात. मूर्तिकलेत ज्यांनी पेणचं नाव केलं त्यात देवधर घराण्याचा वाटा मोठा आहे. पण आज धंदा उभा आहे तो शेकडो घरांवर. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि तेव्हापासून इथे हा विषय काढला की आवाज चढतात. शाडू पाण्यात विरघळतो हे खरं. शाडू जड असतो, सावकाश वाळतो आणि लांबच्या प्रवासात तडकतो हेही खरं. माझं मत विचाराल तर मूर्ती शाडूचीच असावी आणि लहान असावी. पण वीस फुटी मूर्ती मागणारा मुंबईचा मंडळवाला दोषातून सुटतो आणि ती साच्यातून काढणारा हमरापूरचा माणूस सापडतो, हा न्याय मला मान्य नाही.

तिसरा मुक्काम कोलाडला, रोहा तालुक्यात. वाटेत नागोठणे लागलं. तिथला जुना दगडी पूल १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनाने बांधवला, असं गॅझेटियर सांगतं. म्हणजे निदान या एका पुलापुरतं मुलीला नावानिशी उत्तर मिळालं. बांधवून घेणाऱ्याचं.

कोलाडला आम्ही पहाटेच कुंडलिकेच्या काठावर जाऊन बसलो. नदी खडकांतून बारीक वाहत होती, इतकी की वहिनीला वाटलं आपण चुकीच्या ऋतूत आलो. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज बदलला. मधला खडक बुडाला, मग त्याच्या शेजारचा, आणि बघता बघता नदी दोन्ही काठांना लागून फेसाळत निघाली. आकाशात ढग नव्हता. पाठोपाठ रबरी होड्या आल्या, शिरस्त्राणं घातलेली तरुण मुलं किंचाळत गेली. भारतभरातून लोक राफ्टिंगला कोलाडला येतात ते या पाण्यासाठी. लहान मुलांना होडीत घेत नाहीत, म्हणून भाची जराशी खट्टू झाली, मग तिने नेम साधला.

“पाणी कोणी सोडलं?”

भीऱ्याच्या वीजकेंद्राने. आणि हे पाणी कोकणातलं नव्हेच, घाटावरचं आहे. मुळा नदी पुण्याकडे वाहते, मुठेला भेटते, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. टाटांनी मुळशीला तिच्यावर धरण बांधलं, डोंगराच्या पोटातून पाणी पश्चिमेला वळवलं आणि सुमारे ५०० मीटर खाली भीऱ्याला आणून सोडलं. १९२७ साली भीऱ्याची वीज सुरू झाली. ती मुंबईसाठी होती. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत उतरतं. वीजकेंद्र चालतं तेव्हा नदी भरते, थांबतं तेव्हा ओसरते. पूर्वसमुद्राला जायचं पाणी रोज सकाळी पश्चिमसमुद्राला जातं आणि जाता जाता पर्यटकांना चार उड्या मारून दाखवतं.

हे भाचीला सांगितलं. पुढचं दादाने सांगितलं, कारण तो पुण्याचा झालाय आणि मुळशीला त्याचं येणंजाणं असतं. त्या धरणाखाली मुळशी पेट्यातली भाताची शेतं गेली. ५२ गावं त्या लढ्यात होती. १९२१ साली मावळे आपल्या शेतांत येऊन बसले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच सत्याग्रहात. तुरुंगवास झाले, लढा फुटला, धरण झालं. जगात धरणाविरुद्ध झालेल्या पहिल्या काही लढ्यांत त्याचं नाव घेतात. काठावरच्या चहाच्या टपरीवर होड्यांचे दर लिहिलेले होते, पोहण्याचे नियम लिहिलेले होते. मुळशीचा म नव्हता. असावा असा माझा हट्टही नाही. सुट्टीवर आलेल्या माणसाला प्रत्येक घोटाबरोबर इतिहास पाजू नये. पण मुलीने विचारलं होतं.

रोहा गावात धावीर महाराजांचं देऊळ आहे, दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. पांडुरंगशास्त्री आठवले इथलेच. समोर अवचितगड आहे, त्याच्या रानात माकडं बरीच. हे सगळं आम्ही पाहिलं. भाचीला माकडं आवडली. आणि तीच कुंडलिका, सकाळी कोलाडला चमचमत गेलेली, कारखान्यांच्या खाली गेल्यावर वेगळ्या रंगाची झाली होती. पुलावरून जाताना दादाने काचा वर केल्या.

“हे कोणी केलं?”

कुणीच बोललं नाही. बांध घालणाऱ्यांची नावं नाहीत कारण ती कुणी लिहिली नाहीत. इथली नावं नाहीत कारण ती कुणी सांगत नाही.

रोह्याहून मांदाडच्या वाटेने कुड्याला गेलो. तळा तालुक्यात, राजपुरी खाडीच्या अंगाला डोंगरात बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांची. मुरूडला जाणाऱ्या गाड्यांपैकी फारच थोड्या इकडे वळतात. लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरं आहेत आणि ती कुणाची आहेत हे वाचणाऱ्यांनी वाचून ठेवलंय: ज्यांनी खर्च केला त्यांची. त्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्य आहे. खाली खाडी, बंदरातून येणारा माल आणि वर डोंगरात आपल्या कमाईतून भिक्षूंना खोली कोरून देणारा एक माळी! भाचीने अक्षरांवरून हवेतच बोट फिरवलं. हात लावायचा नाही हे तिला सांगावं लागलं नाही. “म्हणजे इथे लिहिलंय कोणी केलं ते,” ती म्हणाली. लिहिलंय. मात्र छिन्नी कुणी चालवली ते इथेही नाही.

शेवटची संध्याकाळ रोह्याजवळच्या एका ओळखीच्यांच्या शेतात. भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकतात. त्याला पाणी द्यावं लागत नाही, दव आणि ओल पुरते. पौषात शेंगा भरतात आणि पोपटीचे दिवस येतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मधे अंडी, बटाटे, केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाल्याचं कोंबडं, वर पुन्हा शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला घट्ट दाबलेला. मडकं शेतातच पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. झालं की नाही हे मडक्यावर पाण्याचा शिपका मारून आवाजावरून ओळखतात. भाचीने शेंगा भरल्या, पाला कोंबला, धुराने डोळे चोळले. पान उलगडल्यावर तिच्या आईने मुद्दाम विचारलं, “कोणी केलं?”

“आम्ही,” ती तोंडभर शेंगांनिशी म्हणाली आणि हात पुढे केला, आणखी हव्या म्हणून.

तुमच्या घरात असं प्रश्न विचारणारं मूल असेल तर त्याला इकडे आणा. चार गोष्टी मात्र लक्षात ठेवा. हमरापूरला गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत जाऊ नका, कारागिरांना मान वर करायला वेळ नसतो. कोलाडला आदल्या रात्रीच मुक्कामाला या, पाणी सकाळी सुटतं. पोपटी थंडीतच होते आणि भांबुर्डा बाजारात शोधत बसू नका. तो शेताच्या कडेला आपोआप उगवतो, शेतमालकाला विचारून घ्या. आणि खारेपाटातली उघाडी पाहायची तर पंचांग बघून निघा: अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं चढत नाही, मजा नाही, अमावस्या नाहीतर पौर्णिमा गाठा.